सेवा केली कुणी ते कळलं, घेतली कुणी? : रमाबाईंची 'साक्ष' वाचताना

पीएच.डी.च्या नोंदणीचा हंगाम आला की एक शीर्षक हमखास कानावर येतं : 'अमुक जिल्ह्यातील ख्रिस्ती मिशनऱ्यांचे सेवाकार्य : एक चिकित्सक अभ्यास'. जिल्हा बदलतो, बाकी सगळं तेच. प्रकरणंसुद्धा ठरलेली : शाळा, दवाखाने, वसतिगृहं, कुष्ठरुग्णांची सेवा, दुष्काळातलं काम. आणि निष्कर्ष दोनपैकी एक. एक तर 'सेवा ही ख्रिस्ती प्रेमाची अभिव्यक्ती होती', नाहीतर 'सेवा हे धर्मांतराचं आमिष होतं'. कोणता निवडायचा हे बऱ्याचदा गाईडच्या कलावर ठरतं. गंमत अशी की दोन्ही निष्कर्ष सिनॉप्सिस लिहितानाच तयार असतात. मग पुढची तीन-चार वर्षं आपण नेमकं काय शोधणार?

'चिकित्सक' हा शब्द शीर्षकात घातला की चिकित्सा झाली, असा आपल्याकडे एक समज आहे. म्हणून आज एकच मजकूर घेऊन बसू या. पंडिता रमाबाईंची 1907 सालची 'अ टेस्टिमनी', मराठीत जी 'माझी साक्ष' म्हणून ओळखली जाते. तिच्यातला एकच प्रसंग घेऊ आणि 'सेवा म्हणजे प्रेमाची अभिव्यक्ती' हे वाक्य त्याच्यावर टिकतं का ते बघू. दुसरा मजकूर शेजारी ठेवायला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

तुम्ही विचाराल, नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्याने केडगावच्या रमाबाईंकडे का जायचं? आपल्याकडे काही नव्हतं का? होतं की. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने काम करत होते. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. या कामात आलेली माणसं मुख्यतः मांग आणि महार समाजातली. पण हे काम आपल्याला कळतं ते बहुतेक मिशनच्या अहवालांतून, आणि अहवाल हा देणगीदाराला लिहिलेलं पत्र असतो हे विसरायचं नाही. त्यात आकडे असतात, आभार असतात, अधूनमधून डोळ्यांत पाणी आणणारी एखादी गोष्ट असते. 'हे तुम्ही का करता?' असा प्रश्न मात्र त्यात कुणी कुणाला विचारत नाही. रमाबाई विचारतात. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. शिवाय त्यांचं काम आपल्या वेशीपर्यंत आलेलं होतं : त्यांनी आणि मुलगी मनोरमाबाईंनी गुलबर्ग्याला, म्हणजे तेव्हाच्या निजाम राज्यातच, शाळा काढली होती.

आता तो प्रसंग. रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या भगिनींकडे राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक काम होतं, ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा स्त्रियांसाठी. रमाबाई तिथे गेल्या. अशा बायकांना हाकलून देण्याऐवजी कुणी जवळ करतं, त्यांच्याशी मायेनं बोलतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असं त्या सांगतात. आणि मग त्या जे करतात ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या भारावून गप्प बसत नाहीत. कारण विचारतात. तुम्हाला या बायकांची काळजी घ्यावीशी वाटते ती कशामुळे? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला : शोमरोनी स्त्री आणि येशू यांची विहिरीवरची भेट.

रमाबाईंवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण या प्रसंगाशी थांबतो. चरित्रकार त्यात हृदयपरिवर्तन बघतात. उमा चक्रवर्तींचं 'रीरायटिंग हिस्टरी' (1998) रमाबाईंना ब्राह्मणी पितृसत्तेच्या इतिहासात ठेवून वाचतं. गौरी विश्वनाथन यांचं 'आउटसाइड द फोल्ड' त्याच वर्षीचं. त्यांचा भर रमाबाईंनी चर्चच्या सिद्धान्ताशी केलेल्या वादावर आहे. मीरा कोसंबींनी तर रमाबाईंचं लेखन संपादित आणि अनुवादित करून आपल्या हातात दिलंय. लिटरेचर रिव्ह्यूला एवढं पुरेसं वाटेल. पण दोन साध्या गोष्टी तपासायच्या राहतात, आणि त्या तपासायला मोठी थिअरी लागत नाही.

पहिली म्हणजे तारीख. प्रसंग 1880च्या दशकातला आहे, लेखन 1907 सालचं. मधल्या काळात बरंच घडलंय. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं, 1893 ला त्यावर वादळ उठलं. 1891च्या सुमारास रमाबाईंना जो आध्यात्मिक अनुभव आला त्याबद्दल त्या स्वतःच सांगतात की आधी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. मग दुष्काळ, केडगावचं मुक्ती, 1905 सालची तिथली धार्मिक जागृती. एवढं सगळं पोटात घेऊन जी बाई चोवीस-एक वर्षांपूर्वीचा प्रसंग लिहिते, ती खोटं लिहिते असं कुणी म्हणू नये; पण ती निवडून लिहिते. साक्ष हा प्रकारच तसा आहे. कोर्टातली साक्ष 'काय घडलं' ते सांगते, धर्मातली साक्ष 'मला त्यातून काय मिळालं' ते सांगते. व्हायवाला कुणी विचारलं की 'हे प्राथमिक साधन आहे का?' तर उत्तर 'हो, पण 1907 चं' असं द्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. फुलहॅमच्या त्या बायका काय म्हणाल्या? त्या प्रसंगात त्या बोलतच नाहीत. भगिनी बोलतात, रमाबाई बोलतात, योहान बोलतो. ज्यांच्यावर प्रेम झालं त्या गप्प. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या अशा आश्रमांबद्दल इतिहासकारांनी पुष्कळ लिहून ठेवलंय : कडक शिस्त, ठरलेली वर्षं, धुलाईचं काम, बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. रमाबाईंना तिथे माया दिसली, इतिहासकारांना शिस्त दिसते. दोन्ही खरं असू शकतं. पण कुणाच्या बाजूने किती खरं, हे तिथल्या एखादीने सांगितल्याशिवाय कळणार नाही.

इथे तो अध्यायच नीट वाचावा लागतो. आपण 'सेवा' विषयावर काम करणारे बायबल उघडत नाही, आणि बायबल उघडणारे मिशनचे अहवाल उघडत नाहीत. ही खात्यांची भांडणं, आपल्याला त्यांच्याशी काय करायचंय? योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू दमून याकोबाच्या विहिरीपाशी बसलाय. भर दुपार. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. यहुदी लोक शोमरोन्यांना कमी लेखत, त्यांच्याशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत. आणि हा माणूस तिला काय देतो? काहीच नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते ती नेमकी त्यामुळे : तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसा मागतोस? जिवंत पाण्याची, आत्म्याची सगळी चर्चा त्यानंतरची. सुरुवात मागण्यापासून आहे, देण्यापासून नाही. तिचे पाच नवरे झालेले होते एवढं मजकूर सांगतो. ती 'पतित' होती असं तो कुठेही म्हणत नाही. तो शिक्का पुढच्या वाचकांचा, आणि आजचे बरेच भाष्यकार तो काढून टाकतात. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना बोलावून आणते.

आता हा अध्याय मराठवाड्यात बसून वाचा. आपल्याला विहीर, घागर आणि 'कुणाच्या हातचं' हे समजवावं लागत नाही. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला माणसं गेली, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता हे आपल्या अकरावीच्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे फुलहॅमच्या भगिनीने रमाबाईंना 'पतितांना जवळ करण्याची' गोष्ट म्हणून जे वाचून दाखवलं, ते आपण 'खालच्या मानलेल्याच्या हातचं घेण्याची' गोष्ट म्हणूनही वाचू शकतो. या दोन वाचनांत जो फरक आहे, त्याच्यावर माझा हा सगळा लेख उभा आहे. सेवेत प्रेम आहे का, हे देणाऱ्याने किती दिलं यावरून ठरवता येत नाही. तो समोरच्याकडून घेऊ शकतो का, आणि समोरचा त्याला नाही म्हणू शकतो का, हे बघावं लागतं.

हे मी बाहेरून आणून लादत नाहीये. ख्रिस्ती परंपरेच्या आतसुद्धा सेवा आणि प्रेम यांचं असं आपोआप लग्न लावलेलं नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा रोख हाच आहे की सगळी मालमत्ता वाटून टाकली तरी प्रीती नसेल तर उपयोग नाही. म्हणजे प्रीतीशिवायही मोठं दान होऊ शकतं, हे पौलाला ठाऊक होतं. मराठी बायबलात त्या अध्यायात 'प्रीती' आहे. इंग्रजीत 1611च्या किंग जेम्स बायबलात तिथे 'चॅरिटी' होतं, 1881च्या सुधारित नव्या करारात ते 'लव्ह' झालं. तेव्हा जुन्या अहवालात 'चॅरिटी' दिसलं की लगेच 'दानधर्म' असा अनुवाद ठोकू नका. लिहिणाऱ्याच्या कानात कोणतं बायबल होतं ते आधी बघा. आणि योहानाच्याच तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुवायला लागतो तेव्हा अडून बसतो तो पेत्र. त्याला पाय धुणं जड जात नाहीये, धुवून घेणं जड जातंय. पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणाऱ्या मुलखातल्या आपल्याला हा संकोच कळायला अवघड नाही.

ही कसोटी रमाबाईंना लावून बघू. सोपं उत्तर मिळत नाही, आणि म्हणूनच ही बाई अभ्यासाला चांगली आहे.

त्यांच्या आयुष्यात घेणं दोनदा फार कठीण झालेलं आहे. पहिल्यांदा लहानपणी. वडील अनंतशास्त्री डोंगरे, तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरणारं कुटुंब, आणि 1874च्या सुमाराची उपासमार. आई-वडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. त्या दिवसांबद्दल रमाबाईंनी 1897 साली दुष्काळातल्या अनुभवांवर जे लिहिलं त्यात एक गोष्ट त्या लपवत नाहीत : भीक मागायची लाज होती, हलकं काम करायची लाज होती. जातीचा आणि विद्येचा अभिमान पोटाच्या आड आला. अन्न नव्हतं हे एक कारण; जिथे मिळालं असतं तिथून घेता येत नव्हतं हे दुसरं. आपल्या मराठी आत्मकथनांत भुकेवर खूप लिहिलं गेलंय, पण उच्चवर्णीय भुकेची ही गाठ इतक्या सरळपणे क्वचितच कुणी सोडून दाखवली असेल.

दुसऱ्यांदा वाँटेजला. इथे तर रमाबाई स्वतःच सेवा घेणाऱ्या होत्या. छप्पर भगिनींचं, खर्च त्यांचा, शिक्षण त्यांच्या ओळखीने. आणि या घेणाऱ्या बाईने काय केलं? एकसारखं नाही म्हटलं. मांस खाणार नाही, अंडं घातलेलं पुडिंगही नको. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत चालतील. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, तर पटत नाही. सिस्टर गेराल्डीनना या शाकाहारात जातीचा अभिमान दिसत होता. रमाबाईंच्या दृष्टीने तो त्यांच्या सवयीचा आणि स्वातंत्र्याचा भाग होता. ही पत्रं अ. भि. शहांनी संपादित केलेल्या पुस्तकात 1977 साली आली. ती आपल्याला वाचायला मिळतात, कारण गेराल्डीनबाईंनीच ती जमवून ठेवली होती, स्वतःला न शोभणाऱ्या पत्रांसकट. मला विचाराल तर 'सेवा हे प्रेम होतं' याचा पुरावा म्हणून फुलहॅमच्या प्रसंगापेक्षा हा पत्रांचा गठ्ठा जास्त भक्कम आहे. घेणारी भांडतेय, देणारी चिडतेय, आणि तरी संबंध तुटत नाही.

मग केडगाव. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. 1900च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दीड हजाराच्या वर गेली. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांसाठी सोवळं सांभाळायची सोय होती, स्वयंपाक वेगळा होता. मुक्तीत सगळ्या जातींच्या बायका आल्या. हा बदल लहान नाही. ज्या मुलीचं घर अन्न घेता न आल्याने उद्ध्वस्त झालं, तिने एकाच आवारात सगळ्यांची चूल पेटवली. 'आमिष' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. ज्यांना कुणी हात लावत नव्हतं त्यांच्या उवा काढणं, जखमा धुणं, यात आमिषाचा हिशेब कितीसा बसतो?

पण 'प्रेम' म्हणणाऱ्यांनीही थांबावं. 1893 साली पुण्यात शारदा सदनावर जो गदारोळ झाला त्यात मुद्दा एवढाच होता की रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. 'केसरी'ने जी भाषा वापरली तिचं समर्थन करायचं कारण नाही. तरी त्या वादात एक गोष्ट शाबूत होती : नेणारे पालक होते. नाही म्हणायला जागा होती. मुक्तीत आलेल्या दुष्काळातल्या पोरक्या मुलीला ती जागा कुठे होती? दार उघडं होतं हे खरं, पण दाराबाहेर उपासमार होती. रमाबाईंनी जबरदस्ती केली असं मी म्हणत नाही. जिथे परत जायला काही उरलेलंच नाही तिथे 'संमती' हा शब्द वापरताना अभ्यासकाने पेन जरा हळू चालवावं, एवढंच. आणि 'साक्षी'च्या उत्तरार्धात त्या मुली आकडा होऊन येतात. इतक्या आल्या, इतक्या शिकल्या, इतक्यांचा बाप्तिस्मा. वाँटेजला पुडिंग नाकारणारी जशी एक ठसठशीत बाई होती, तशी मुक्तीतली एकही नाकारणारी मुलगी तिथे उभी राहत नाही. रमाबाईंनी स्वतः जे स्वातंत्र्य घेतलं, ते त्यांच्या लेखनाने त्यांच्या मुलींना दिलेलं नाही. प्रत्यक्षात दिलं असेलही. मजकुरात नाही.

याउलट 'स्मृतिचित्रे'. 1934 पासून भाग येत गेले, लक्ष्मीबाई 1936 साली वारल्या. हे पुस्तक आपण नेट-सेटच्या अभ्यासक्रमात विनोदी शैली, प्रांजळपणा, नवऱ्याची तऱ्हेवाईक थोरवी असल्या पाच मुद्द्यांत उरकतो. त्यात सेवेवर प्रवचन जवळजवळ नाहीच. पण घर सतत भरलेलं आहे. नारायण वामन टिळक कुणालाही घेऊन येणार, दुष्काळात पोरकी झालेली मुलं येणार, प्लेगाच्या दिवसांत आजाऱ्यांचं करावं लागणार, आणि पिठाचा डबा रिकामा. ही आलेली माणसं आकडे नाहीत. ती हट्ट करतात, त्रास देतात, आणि लक्ष्मीबाई त्यांच्यावर वैतागतातही. वैताग लपवलेला नाही म्हणून माया खरी वाटते. रमाबाईंच्या साक्षीत वैताग कुठेच नाही. हे मला साहित्याचा विद्यार्थी म्हणून खटकतं, धर्माचा विद्यार्थी म्हणून कदाचित खटकू नये.

आणि त्या पुस्तकाचा खरा सांधा देण्यात नाहीच. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने झपाटलेले, घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येऊ द्यायचे नाहीत. त्या घरात वाढलेली ही बाई. नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. काही वर्षं वेगळी राहून ती पुन्हा त्याच्याकडे आली, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. मग एक दिवस ती स्वतःशीच विचार करते की देवाने जाती केल्या कुठे, आणि ज्यांच्या हातचं चालत नव्हतं त्यांच्या हातचं पाणी पिते. तिचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. क्रम लक्षात घ्या. पुढे ती जी काही सेवा करते, तिच्या आधी हे पाणी आहे. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नव्हती, तिच्या सोवळ्याची सोय लावून दिली होती. म्हणजे नाही म्हणायची जागाही होती आणि घेणंही झालं. योहानाचा चौथा अध्याय कुणी मराठीत जगून दाखवला असेल तर तो इथे, असं मी म्हणेन. फुलहॅमला तो नुसता वाचला गेला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दुष्काळात माणसं मरत असताना रमाबाईंनी 'मी यांच्याकडून काय घेऊ' याचा विचार करत बसायचं का? दीड-दोन हजार पोटांची व्यवस्था आणि एका घरातली दहा-बारा माणसं यांची तुलना बरोबर आहे का? नाही, पूर्ण बरोबर नाही. संस्था चालवणारीला यादी ठेवावीच लागते, घर चालवणारीला नाही ठेवली तरी चालतं. शिवाय मुक्तीत बायका नुसत्या घेत नव्हत्या. शेती, विणकाम, लहान मुलींना सांभाळणं त्यांच्याकडे होतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल छापलं गेलं ते मुक्तीच्या छापखान्यात, आणि तिथले खिळे जुळवणारे हात या बायकांचेच. म्हणजे रमाबाई त्यांच्याकडून घेत होत्याच. माझी तक्रार त्यांच्या आयुष्याबद्दल नाही. 'साक्ष' या मजकुरात ते घेणं 'प्रशिक्षण' म्हणून येतं, ऋण म्हणून येत नाही, ही आहे. मजकुराची समीक्षा आणि माणसाचा निवाडा या दोन फायली वेगळ्या ठेवायला शिकलो तर निम्मी भांडणं मिटतील.

आता आपल्या भागाकडे. नांदेडच्या विद्यार्थ्याला 'सेवा' शब्द ऐकला की आधी हजूर साहिबचा लंगर आठवतो, मिशन नाही. मग सिनॉप्सिसमध्ये एक तौलनिक प्रकरण घुसडलं जातं : 'ख्रिस्ती सेवा आणि शीख सेवा : साम्यभेद'. असं कोष्टक करू नका. करायचीच असेल तर या घेण्याच्या मुद्द्यावर तुलना करा. लंगरमध्ये भांडी घासणं ही सेवा आहेच, पण पंगतीत खाली बसून कुणाच्याही शेजारी, कुणीही वाढलेलं खाणं हाही त्या प्रथेचा गाभाच आहे. खाणारा आणि वाढणारा उद्या जागा बदलू शकतात. मिशनच्या दुष्काळी केंद्रात ही अदलाबदल होत होती का, किती, कुठे? हा प्रश्न तपासता येण्याजोगा आहे. साम्यभेदाचं कोष्टक तपासता येत नाही, ते फक्त पान भरतं.

लातूरकरांकडे तर याहून मोठं साधन आहे आणि ते हातातून निसटत चाललंय. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये जेवढे मदतीचे हात आले तेवढे मराठवाड्याने आधी कधी पाहिले नव्हते. त्यांत ख्रिस्ती संस्था होत्या, शीख होते, भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, कित्येक संस्थांनी गावंच्या गावं दत्तक घेतली. 'दत्तक' हा शब्द बघा. कोण कुणाचं मूल झालं त्यात? नव्या गावांची सरळ रांगांची आखणी, मोठे रस्ते, वाडा आणि गल्लीची मोडलेली रचना, यावर वास्तुरचनेच्या आणि पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी भरपूर टीका केलीय. पण 'हे घर मला कुणी दिलं, त्याने मला काही विचारलं का, मी त्याला काही देऊ शकलो का' हे घेणाऱ्याच्या तोंडून, श्रद्धेच्या अंगाने, मराठीत आलेलं मला फारसं दिसलं नाही. देणाऱ्यांच्या स्मरणिका मात्र आहेत. चकचकीत कागदावर.

ज्यांना हा विषय घ्यायचाय त्यांच्यासाठी फील्डवर्कची एक व्यावहारिक सूचना. प्रश्नावलीत 'संस्थेच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?' असा प्रश्न ठेवू नका. हो म्हणण्यापलीकडे त्यात काही उरत नाही. त्याऐवजी विचारा : आलेल्या मदतीतलं काय तुम्ही परत केलं, टाकून दिलं, विकलं किंवा दुसऱ्याला दिलं? मदत करायला आलेली माणसं तुमच्याकडे जेवली का? कुणाकडे जेवली, कुणाकडे नाही? या शेवटच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं जातवार वेगळी निघाली तर तुमचं एक प्रकरण तिथेच तयार आहे. आणि सांगणाऱ्याने चहा पुढे केला तर नोंदवही बाजूला ठेवून तो आधी प्या.

भूकंपाच्या वेळी जी मुलं दहा वर्षांची होती ती आता चाळिशी ओलांडून गेलीत. त्यांना सगळं आठवतं. त्यांचे आई-वडील, ज्यांनी निर्णय घेतले, अर्ज भरले, रांगेत उभे राहिले, ते मात्र दरवर्षी कमी होत आहेत. सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट न बघता रेकॉर्डिंग सुरू करा.